नकाशातले चार तास

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर क्वीन्सटाउन नावाचे तळ्याकाठचे गाव आहे. तिथून मिलफर्ड साउंड ही डोंगरात शिरलेली समुद्राची खाडी पक्ष्याच्या वाटेने पाहिली तर साधारण ७० किलोमीटरवर. पण मध्ये बर्फाचे डोंगर उभे आहेत आणि त्यांतून रस्ता नाही. गाडीला दक्षिणेकडे उतरून, ते आनाऊ या गावाला वळसा घालून पुन्हा उत्तरेला चढावे लागते. हे अंतर होते जवळपास २८७ किलोमीटर. फोनवरचा नकाशा म्हणतो, चार तास.

त्या चार तासांवर विश्वास ठेवून मी एक तक्ता केला होता. घरातली निवृत्त शिक्षिका मीच, त्यामुळे वहीत आखून वेळापत्रक करण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. माझी लेक क्राइस्टचर्चला असते. तिने तो तक्ता फोनवर पाहिला आणि म्हणाली, "अम्मी, हा मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचा तक्ता आहे. इथला नाही." मला वाटले, परदेशात राहून मुली जरा जास्तच जपून वागायला लागतात. मी तक्ता बदलला नाही.

आम्ही सहाजण होतो. मी, हे, मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडे, एक सहा वर्षांचा आणि एक तीन वर्षांची. गाडी चालवणारा एकटा मुलगा. सूनबाईंकडे परवाना नाही, आणि ह्यांचा परवाना जुना पुस्तकी, मराठी-इंग्रजी मिसळलेला, शिवाय मुदत संपत आलेली. तिकडे भारतातला परवाना चालतो, पण तो इंग्रजीत असावा लागतो, नाहीतर अधिकृत भाषांतर सोबत लागते. आम्ही म्हटले, एकजण चालवणारा आहे ना, पुरे झाले. ही पहिली चूक, आणि ती रत्नागिरीत घरी बसूनच केली होती.

जानेवारीचा महिना, म्हणजे तिकडे भर उन्हाळा. त्या दिवसांत क्वीन्सटाउनला सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. मगरिब झाली की इशाची वेळ व्हायला साडेअकरा वाजतात. आणि पहाटे चारच्या आसपास फज्र. मधे झोपेला उरतात जेमतेम चार तास. हा हिशेब मी तक्त्यात कुठेच धरला नव्हता. प्रवासी कंपन्यांच्या पुस्तिकांत तो नसतो, कारण त्यांचा ग्राहक दहा वाजता झोपतो आणि सहाला उठतो. आपल्या घरांतून जाणाऱ्यांनी मात्र सगळ्यांत आधी नमाजांच्या वेळा वहीत लिहाव्यात आणि मग अंतरे. इशा आणि फज्र दोन्ही वेळेवर पढणाऱ्या माणसाला सकाळी सात वाजता स्टिअरिंगवर बसवायचे असेल, तर तो अर्ध्या झोपेत बसतो.

आमचा मुलगा असाच बसला. तक्त्याप्रमाणे सातला निघायचे होते. दोन लहान मुलांच्या सीट बसवणे, नाश्ता, एकाचा राहिलेला बूट, यात पावणेआठ झाले. (तिकडे सात वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलाला त्याच्या मापाच्या खास सीटवर बांधून बसवणे कायद्याने सक्तीचे आहे. मांडीवर घेऊन बसायची सोय नाही. प्रत्येक थांब्यावर दोन मुलांना सोडवणे आणि पुन्हा बांधणे, याला किती वेळ जातो ते आईलाच विचारा.) ते आनाऊला पोचलो तेव्हा सव्वादहा. तिथे पेट्रोल, चहा, मुलांचे शौच, पावणेअकरा. अजून मी निर्धास्त होते. पुढे ११८ किलोमीटरच तर राहिले होते, आणि आमची बोट बाराची होती.

पण त्या ११८ किलोमीटरना दोन तास लागतात, थांबले नाही तरी. आपण रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरला जाताना एकशेतीस किलोमीटरला तीन तास सहज पकडतो, कुणी नकाशा उघडत नाही. घाट म्हटला की कोकणातल्या माणसाला हिशेब कळतो. तीच अक्कल विमानात बसल्यावर कुठे जाते कोण जाणे. परदेशातला रस्ता म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सहा पदरी काँक्रीट येते. दक्षिण बेटावरचे बहुतेक राज्यमार्ग दुपदरी आहेत, एक जायचा, एक यायचा, मधे फक्त रंगाची रेघ. गुळगुळीत आहेत, खड्डे नाहीत, पण वळणांचे आहेत. मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा असते. ती मर्यादा आहे, सरासरी नव्हे. वळणाआधी पिवळ्या पाटीवर ३५, ४५, ५५ असे आकडे लिहिलेले असतात. ते सल्ल्याचे आकडे आहेत, पण ते खरे आहेत. ३५ लिहिले असेल तर वळण ३५चेच निघते.

त्यात एकपदरी पूल. समोरासमोरून गाड्या आल्या तर कुणी थांबायचे ते पाटीवरच्या बाणांवरून कळते. आपल्या बाजूचा बाण लहान आणि लाल असेल तर आपण थांबायचे. आणि पुढे मोठी कॅम्पर गाडी लागली की तिच्यामागे दहा-दहा किलोमीटर जावे लागते, कारण ओव्हरटेकसाठी जादा पट्टा क्वचितच येतो. आपल्यामागे रांग लागली तर मात्र आपणच जागा पाहून डावीकडे थांबायचे आणि लोकांना जाऊ द्यायचे. तिकडची ही रीत आहे, आणि ती न पाळणाऱ्या पाहुण्यांवर स्थानिक लोक फार चिडतात. यात भले होते ते हेच की तिकडेही गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते. युरोपात किंवा आखातात गेलेल्याला जो गोंधळ होतो, तो इथे होत नाही.

मिलफर्डच्या रस्त्याचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे तो थांबायला लावतो. एग्लिंटन खोऱ्याचे सोनेरी गवताचे मैदान आले की सूनबाई म्हणाल्या, पाचच मिनिटे. मिरर लेक्सला लाकडी फळ्यांच्या वाटेवरून पाण्यात उलटे डोंगर पाहायला पुन्हा पाच मिनिटे. सहा माणसांची गाडी पाच मिनिटे थांबतच नाही. वीस मिनिटांच्या खाली काही होत नाही, हे मी त्या दिवशी घड्याळ लावून मोजले. मग होमर बोगदा. १९५४ साली सुरू झालेला हा बोगदा १.२ किलोमीटर लांब आहे, आतून खडक तसाच उघडा, आणि मिलफर्डच्या बाजूला तीव्र उताराचा. उन्हाळ्यात दिवसा तिथे सिग्नल असतो आणि एका वेळी एकाच बाजूची वाहतूक सोडतात. आम्हाला लाल दिवा लागला. तिथे किआ नावाचे हिरवे पोपट येऊन गाड्यांच्या काचांचे रबर चोचीने उपटतात. नातवंडे खूश. माझे लक्ष घड्याळाकडे.

खाली पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. जवळचे वाहनतळ भरलेले, लांब गाडी लावून चालत आलो. बाराची बोट केव्हाच गेली होती. जादा पैसे भरून तीनच्या बोटीत जागा मिळाली. तोपर्यंत पाऊस. मिलफर्डला वर्षाला साडेसहा मीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या आंबोलीची आठवण यावी असा. पण पावसातच तिथे काळ्या कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात, आणि ते पाहून डोळ्यांचे पारणे फिटले हे मान्य करायला हवे. ह्यांनी बोटीच्या कडेला उभे राहून नुसते सुब्हानल्लाह म्हटले आणि नंतर कितीतरी वेळ बोलले नाहीत.

पावणेपाचला बोट किनाऱ्याला लागली. जोहर-असर उरकून साडेपाचला निघालो. (आम्ही शाफई, प्रवासात दोन नमाजा एकत्र करतो. घाटावरच्या माझ्या हनफी मैत्रिणींना असरसाठी वेगळा थांबा धरावा लागेल. आपापल्या आलिमांना विचारून निघण्याआधीच ठरवावे, रस्त्यात गाडीतल्या गाडीत वाद नको.) ते आनाऊला पावणेआठ. तिथे जेवून साडेआठला सुटलो. वाटेत साडेनऊला एका उजाड फाट्यावर मगरिब. अंधार पडायला लागला होता.

क्वीन्सटाउनच्या अलीकडे वाकाटिपू तळ्याच्या कडेने एक वळणांचा तुकडा आहे, त्याला सैतानाचा जिना म्हणतात. डाव्या हाताला खाली तळे. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. मागच्या सीटवर सगळे झोपलेले. मी पुढे बसले होते, माझेही डोळे मिटत होते. एकाएकी डाव्या चाकांखाली खडी वाजली. मी डोळे उघडले तर आमचे दिवे रस्त्यावर नव्हते, कठड्यावर होते. मी मुलाच्या नावाने ओरडले. त्याने स्टिअरिंग ओढले आणि गाडी पुन्हा डांबरावर आली. तो म्हणाला, "अम्मी, मी झोपलो नव्हतो." थोड्या वेळाने म्हणाला, "मला वाटतं झोपलो होतो."

पुढच्या रुंद जागी आम्ही थांबलो. त्याला मागे झोपवले, दिवे लावून, दारे बंद करून आम्ही दोघे जागे बसलो. चाळीस मिनिटांनी तो उठला, तोंड धुतले, आणि राहिलेला रस्ता ताशी साठच्या वेगाने कापला. मी मोजले, सकाळपासून तो सव्वानऊ तास स्टिअरिंगवर होता. माझ्या तक्त्यात आठ लिहिले होते, तेही मला फार वाटले नव्हते. आणि रात्रीची झोप चार तास.

त्या रात्री मी लेकीला फोन केला. ती रागावली नाही. उरलेला प्रवास मात्र तिने स्वतः बसून आखून दिला, आणि तो कसा आखला ते सांगावे म्हणूनच हा लेख लिहायला घेतला.

तिची रीत सोपी आहे. प्रत्येक दिवसासाठी फोन जी वेळ दाखवतो ती सव्वापट करायची. चार तास असतील तर पाच. तो झाला चाकांचा वेळ. मग थांबे मोजायचे, प्रत्येकाला किमान वीस मिनिटे, जेवणाला एक तास, चालायची वाट असेल तर त्या पाटीवर लिहिलेला वेळ आणि वर नातवंडांचा अर्धा. दोन्हींची बेरीज आठ तासांवर गेली की दिवस तोडायचा, मधे मुक्काम टाकायचा. आणि चाकांचा वेळ एका चालकाला पाच तासांच्या वर नाही. दर दोन तासांनी उतरायचेच, कुणाला गरज असो वा नसो. सुटायची वेळ फज्रनंतर पुन्हा दोन-अडीच तास झोप घेऊन मग. म्हणजे नऊ-साडेनऊ. उन्हाळ्यात तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, उशिरा निघाल्याने काही बुडत नाही.

वानाकापासून पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रान्झ जोसेफपर्यंतचा दिवस घ्या. २८५ किलोमीटर. माझ्या जुन्या वहीत मी लिहिले होते, 'चार तास, दुपारी पोचून हिमनदी पाहणे.' लेकीने चारचे पाच केले. हावेआ तळ्याचा थांबा, हास्ट खिंडीतले फॅनटेल आणि थंडर क्रीक हे दोन धबधबे (दोन्हींना रस्त्यापासून पाच मिनिटे चाल, म्हणजे आमचे पंचवीस), हास्टला जेवण, नाइट्स पॉइंटवरून समुद्र, हे तीन तास. एकूण आठ. साडेनऊला निघालो, साडेपाचला पोचलो, पाच मिनिटांचाही फरक नाही. हिमनदी दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या किनाऱ्यावर सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या असतात, त्यांनी आमचे दोन-तीन थांबे ठरल्यापेक्षा लवकर उरकवले एवढेच.

त्याच रस्त्यावर फोनला तासन्‌तास रेंज नसते. नकाशा आधी उतरवून ठेवावा, आणि हास्टसारखे गाव आले की टाकी अर्धी असली तरी भरावी. ते आनाऊलाही तसेच. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर मोठा पाऊस झाला की दरड येते. हास्टचा रस्ता बंद झाला तर पलीकडे जायला दुसरा जवळचा रस्ताच नाही, बेट ओलांडून सात-आठशे किलोमीटरचा वळसा. म्हणून रोज सकाळी निघण्याआधी तिथल्या वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर रस्ता चालू आहे ना ते पाहायचे, आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस रिकामा ठेवायचा. आमच्या पहिल्या तक्त्यात तो रिकामा दिवस नव्हता. मला तो पैशांचा अपव्यय वाटला होता.

सोपे रस्तेही आहेत. क्राइस्टचर्चहून टेकापो तळे साधारण २३० किलोमीटर, तीन तास, बराचसा सपाट. पण हा पहिल्याच दिवशी घ्यायचा मोह टाळावा. मुंबईहून निघून एक-दोन विमाने बदलून माणूस पोचतो तेव्हा शरीराचे घड्याळ साडेसात तास मागे असते. तिथले सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडचे मध्यरात्रीनंतरचे अडीच. विमानतळावर किल्ली हातात घेऊन लगेच सुटणे म्हणजे रात्री अडीचला घाटात शिरणे. पहिली रात्र शहरात काढावी. टेकापोहून माउंट कुकच्या पायथ्याचे गाव शंभरएक किलोमीटर, पुकाकी तळ्याच्या कडेने, समोर ३,७२४ मीटरचे शिखर. हा सव्वा तास फोन सांगतो तसाच खरा निघतो, फक्त दर वळणावर कुणीतरी "थांबा" म्हणते. तिथून क्वीन्सटाउनला लिंडिस खिंडीतून साडेतीन तास. क्वीन्सटाउनहून वानाकाला क्राउन रेंजचा रस्ता अवघा ६८ किलोमीटर, पण १,०७६ मीटरपर्यंत चढतो. नवख्या चालकाने तो सकाळी घ्यावा, संध्याकाळी नाही.

हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैमध्ये, हा सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो. क्वीन्सटाउनला सूर्य आठनंतर उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो. सावलीतल्या वळणांवर दुपारपर्यंत बर्फाचा थर राहतो, चाकांना साखळ्या जवळ ठेवाव्या लागतात, आणि हिमकडे कोसळण्याच्या भीतीने मिलफर्डचा रस्ता अधूनमधून बंद होतो. लहान मुले घेऊन प्रथमच जाणाऱ्यांनी हिवाळ्याच्या नादी न लागलेले बरे, असे माझे मत.

खाण्याचाही वेळेशी संबंध आहे. क्राइस्टचर्च आणि क्वीन्सटाउनमध्ये हलाल जेवण मिळते, मधल्या गावांत भरवसा धरू नये. हलाल हॉटेल शोधत फिरण्यात आमचा एका संध्याकाळी दीड तास गेला. नंतर आम्ही स्वयंपाकघर असलेल्या खोल्याच घेतल्या, डाळ-भात-अंडी, मासे, आणि दुपारचा डबा सोबत. घरून मसाले, खजूर काही न्यायचे असेल तर विमानतळावरच्या फॉर्मवर ते सगळे न लपवता लिहावे. विसरलात तर जागेवर ४०० डॉलर दंड आहे, आणि तिथला तास-दीड तास वेगळा.

शेवटचा टप्पा पश्चिम किनाऱ्यावरून आर्थर्स पासमार्गे क्राइस्टचर्चला परत. ह्यांची एकच इच्छा होती की जुम्मा तिथल्या अल नूर मशिदीत मिळावा. १५ मार्च २०१९ रोजी जुम्म्याच्याच वेळी तिथे आणि लिनवुडच्या मशिदीत मिळून ५१ जण शहीद झाले, ते आपल्यापैकी कुणीही विसरलेले नाही. प्रवाशावर जुम्मा वाजिब नाही, हे मी त्यांना सांगून पाहिले. ते म्हणाले, वाजिब म्हणून नाही.

जुन्या तक्त्यात मी शुक्रवारी सकाळी फ्रान्झ जोसेफहून निघून दुपारी क्राइस्टचर्च लिहिले होते. जवळजवळ ३८० किलोमीटर, मधे खिंड. लेकीच्या हिशेबाने ते नऊ तास होत होते, म्हणजे जुम्मा तर जाणारच, आणि तो मिळवण्याच्या घाईत खिंडीत काय झाले असते ते सैतानाच्या जिन्यावर आम्ही पाहिलेच होते. म्हणून गुरुवारी फक्त दोन तासांचा रस्ता करून होकिटिकाला मुक्काम केला. शुक्रवारी २४५ किलोमीटर उरले. फोनचे सव्वातीन तास, सव्वापटीने चार, ओटिराच्या उंच पुलापाशी एक थांबा, वर चढून खिंडीतल्या गावात चहाचा एक. त्या दिवशी मात्र फज्रनंतर सगळ्यांनी जाणूनबुजून झोप काढली आणि सव्वाआठला निघालो. खिंड ओलांडून कँटरबरीच्या मैदानात उतरलो तेव्हा गाडीत कुणी घड्याळ पाहत नव्हते. हॅगली पार्कच्या समोर मशिदीपाशी एक वाजायच्या आत गाडी लावली. जुम्म्याला अजून वेळ होता. ह्यांनी सावकाश वजू केला, आणि मुलगा त्यांच्या शेजारी पहिल्या सफमध्ये जाऊन बसला.